कोल्ड स्टोरेजमध्ये तळची खोकी का बसतात?

जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, ओझर या नाशिकच्या पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये एक तक्रार दरवर्षी येते. माल भरला तेव्हा खोकी ताठ होती. प्रीकूलिंगमधून (साठवणीआधी माल झटपट गार करतात तिथून) निघाली तेव्हाही ठीक होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळच्या दोन थरांना पोट सुटले, एक थप्पी कलली, आणि उघडून पाहिले तर खालच्या पनेटमधले (द्राक्षांच्या छोट्या डब्यांतले) मणी फुटलेले. मग बॉक्सवाल्याशी वाद होतो आणि पुढच्या लॉटला '२० बीएफऐवजी २४ बीएफ द्या' असे सांगितले जाते. भाव वाढतो, खोकी पुन्हा बसतात.

पुन्हा बसतात, कारण बीएफ वाढवून मिळणारी ताकद वेगळ्या कामाची आहे. बीएफ म्हणजे कागद फुटायला किती जोर लागतो त्याचे माप. कागदाचे जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) गुणिले बीएफ भागिले १००० केले की फुटण्याचा जोर किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मिळतो. १५० जीएसएम, २० बीएफचा कागद ३ किलोला फुटतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून लोखंडी पार्ट जातात, तिथे हे माप फार महत्त्वाचे, कारण पार्टचा कोपरा आतून पुठ्ठ्याला भोसकतो. द्राक्षाचे खोके कोणी आतून भोसकत नाही. ते वरच्या वजनाने उभे दबते. त्यासाठी दोन वेगळी मापे आहेत : पुठ्ठ्याची उभी कड किती भार घेते ते ईसीटी, आणि तयार खोके किती भार घेऊन मोडते ते बीसीटी. बॉक्सवाल्याकडे ही दोन मापे मागितलीच जात नाहीत, आणि अर्धे भांडण तिथेच सुरू होते.

आधी मोडलेले खोके नीट पाहा

बसलेले खोके फेकून देऊ नका. ते कसे मोडले आहे यावरून कारण बऱ्याच वेळा समोर येते.

चारही बाजूंना सारखे पोट आले, कोपरे मात्र बऱ्यापैकी उभे आहेत आणि पुठ्ठा हाताला गार, मऊ लागतो : ओलावा. कोपराच तिरपा दुमडला आणि खोक्याचा कोपरा खालच्या थराच्या खोक्याच्या कोपऱ्यावर आलेला नाही : थप्पी चुकली. हवेच्या भोकांमधून आडवी मोड गेली : भोके चुकीच्या जागी. भिंत आडव्या पट्ट्यांनी घडी पडल्यासारखी दबली : फ्लूट (पुठ्ठ्याच्या आतला लाटांचा थर) आडवी बसली आहे. पुठ्ठ्याचे पदर सुटून कड पुस्तकाच्या पानांसारखी उघडली : चिकटवणीचा दोष. एकाच जोडावरून खोके उकलले आणि बाकी धड आहे : शिलाई किंवा जोडाची पट्टी.

दोन-तीन खुणा एकत्रही दिसतात. तेव्हा ओलाव्यापासून सुरुवात करा, कारण तो बाकीचे सगळे दोष उघडे पाडतो.

ओलावा आणि दिवस : हिशोब एकदा मांडाच

द्राक्षाला शून्य ते एक अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते, नाहीतर देठ सुकतात. हीच हवा पुठ्ठ्याची वैरीण. कागद हवेतला ओलावा ओढतो. ५० टक्के आर्द्रतेत खोक्याची जी ताकद असते ती ८० टक्क्यांना दोन तृतीयांशाच्या आसपास आणि ९० टक्क्यांना निम्म्याखाली, साधारण ४८ टक्क्यांवर येते. शिवाय कागद भाराखाली थकतो. मशीनवर मिनिटभरात मोजलेला भार तो दिवसेंदिवस पेलू शकत नाही. दहा दिवस सतत भार राहिला तर ६३ टक्के, महिनाभर राहिला तर ६० टक्के ताकद धरायची.

५ किलोचे खोके, पनेट आणि पॅडसकट ५.७ किलो. पॅलेटवर १४ थर. तळच्या खोक्यावर १३ खोक्यांचे वजन, म्हणजे ७४ किलो. युरोपला जाणारा कंटेनर म्हणजे पॅकिंगपासून महिनाभर धरा. थप्पी थोडीफार वाकडी होणारच, त्यासाठी आणखी १५ टक्के सोडा. ७४ ला ०.४८, ०.६० आणि ०.८५ या तिन्हींनी भागले की ३०० किलोच्या पुढे आकडा येतो. कोरड्या गोदामात ७४ किलो पेलायला जे खोके पुरेसे वाटते, त्याच्या चौपट ताकदीचे खोके इथे लागते. कारखान्यात त्यावर माणूस उभा राहिला तरी ते दबत नाही, पण त्यावरून कोल्ड स्टोरेजबद्दल काहीच कळत नाही.

आता एवढी ताकद पुठ्ठ्यातून येते का? मॅकी यांचे १९६३ पासून वापरात असलेले सूत्र आहे : बीसीटी म्हणजे ५.८७ गुणिले ईसीटी गुणिले (जाडी आणि परिमिती यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ). सगळे सेंटिमीटरमध्ये घ्या. ५० बाय ३० सेंटिमीटर खोक्याची परिमिती १६० सेंटिमीटर. फाइव्ह प्लाय (कागदाचे पाच थर असलेला) पुठ्ठा साडेसहा मिलिमीटर जाड असेल तर ३०० किलोसाठी सेंटिमीटरला साधारण ५ किलो ईसीटी लागते. थ्री प्लाय नॅरो (बुटक्या लाटांची) फ्लूट, जाडी २.८ मिलिमीटर, त्याच कामाला साडेसात किलोच्या पुढे ईसीटी मागते, आणि हलक्या कागदातून ती निघत नाही. म्हणजे १४ थरांना फाइव्ह प्लाय हवे हे बरोबर, पण त्याचे मुख्य कारण जाडी आहे. हे सूत्र चार फ्लॅपच्या साध्या खोक्यासाठी. उघड्या ट्रेला आणि उथळ खोक्याला ते ढोबळ अंदाजच देते. तिथे प्रत्यक्ष दाबून घेतलेला बीसीटीचा आकडा मागा.

फ्लूट कुठली हेही विचारा. ब्रॉड म्हणजे ए फ्लूट साडेचार मिलिमीटरच्या पुढे उंच : थप्पीत चांगली, पण सहज चेपते. नॅरो म्हणजे बी फ्लूट अडीच मिलिमीटरच्या आसपास : छपाई चांगली येते, सपाट दाबाला घट्ट. सी या दोघींच्या मध्ये. ई फ्लूट सव्वा-दीड मिलिमीटरची, छोट्या दुकानी खोक्यांसाठी. फाइव्ह प्लायमध्ये बाहेर नॅरो आणि आत ब्रॉड अशी जोडी द्राक्षाला चांगली चालते. दोन्ही थर नॅरोचे असले तर प्लाय पाचच राहतात, पण जाडी दोन मिलिमीटरने कमी होते. बिलावर मात्र दोन्हीकडे 'फाइव्ह प्लाय' एवढेच लिहिलेले असते.

पुठ्ठा आतून कसा आहे ते पाण्यात कळते

रंगावर जाऊ नका. सोनेरी-तपकिरी क्राफ्ट कागद म्हणजे चांगला क्राफ्ट, हा समज महागात पडतो. आपल्याकडचा बहुतांश क्राफ्ट रद्दी पुठ्ठ्यापासून बनतो आणि रंग घालून सोनेरी करता येतो. ताकद धाग्याच्या लांबीत असते, आणि व्हर्जिन (रद्दीच्या नव्हे, ताज्या लगद्याच्या) क्राफ्टचा लांब धागा ओलाव्यात जास्त टिकतो. महिनाभराच्या प्रवासाला निदान बाहेरचा आणि आतला लायनर (सपाट थर) व्हर्जिन किंवा सेमी-व्हर्जिन मागा. मधल्या थरांत रिसायकल चालेल.

तपासणी घरी होते. पुठ्ठ्याचा ५० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा असा कापा की फ्लूटच्या रेषा २० सेंटिमीटरच्या बाजूला समांतर राहतील. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. ग्रॅमला दहाने गुणले की पूर्ण पुठ्ठ्याचे जीएसएम. मग तुकडा कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. स्टार्चची खळ सुटते आणि पाचही पदर वेगळे होतात. सावलीत दिवसभर वाळवा, प्रत्येकाचे वजन घ्या. १५० जीएसएमचा सपाट थर १५ ग्रॅम भरला पाहिजे. ११-१२ भरला तर तुम्हाला १२० जीएसएम दिला आहे. फ्लूटचा पदर सपाट करून लांबी मोजा : नॅरो असेल तर ५० सेंटिमीटरचे साधारण ६७ होतात, ब्रॉड असेल तर ७५ च्या आसपास. त्या थराचे जीएसएम काढताना ही वाढलेली लांबी धरा, नाहीतर आकडा फुगलेला दिसेल.

लायनरला साइझिंग (पाणी रोखणारी प्रक्रिया) आहे की नाही हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंब मिनिटभर तसाच राहिला तर ठीक. काही सेकंदांत पसरून शोषला गेला तर तो कागद कोल्ड स्टोरेजला नको. नेमके माप हवे असेल तर प्रयोगशाळेतून कॉब चाचणी करून घ्या. त्यात १०० चौरस सेंटिमीटर कागदावर ६० सेकंद पाणी ठेवून वाढलेले वजन मोजतात. ३० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर उत्तम.

कारखान्यात होणाऱ्या चुका

फ्लूट भिंतीत उभीच हवी. उभी असेल तर नळ्यांची तोंडे वरच्या-खालच्या फ्लॅपच्या कडेला दिसतात. खोक्याच्या उभ्या कापावर लाटा दिसल्या तर फ्लूट आडवी आहे. कागद वाचवायला शीट फिरवून लावली की हे होते. असा लॉट परत करा, त्याला दुरुस्ती नाही.

चेपलेली फ्लूट डोळ्यांना दिसत नाही. छपाईच्या रोलरचा दाब जास्त झाला, किंवा पूर्ण भिंतभर गडद रंग छापला, की लाटा बसतात. दहा शीटची चळत मोजा आणि दहाने भागा. कोऱ्या शीटपेक्षा छापलेली शीट अर्ध्या मिलिमीटरने पातळ निघाली तर ताकद गेलीच म्हणून समजा. नाव, वाण, वजन, लॉट नंबर एवढे छापा. भिंतभर द्राक्षाचे घड छापायची हौस असेल तर ते झाकणावर छापा.

भोके. प्रीकूलिंगसाठी ती लागतातच, पण खोक्याचा जवळपास दोन तृतीयांश भार कोपरे घेतात. कोपऱ्यापासून किमान ५ सेंटिमीटर सोडा, भोक उभे लांबट ठेवा, आणि एका भिंतीतली सगळी भोके मिळून भिंतीच्या ५ टक्क्यांच्या आत राहू द्या. ५० बाय १३ सेंटिमीटरच्या भिंतीला हे ३२ चौरस सेंटिमीटर होतात. हात घालायचे मोठे आडवे भोक हे सगळ्यात घातक. ते लागणारच असेल तर आखूड बाजूला, मधोमध.

पदर सुटणे. सेमी-ऑटोमॅटिक कारखान्यात टू प्लायचे रोल किंवा शीट आधी तयार होतात, मग पेस्टिंग (थर खळीने चिकटवणे) होते, मग वाळवण. हंगामात मागणी तुंबली की वाळवण आखडते. आज पेस्टिंग, आज शिलाई, रात्री गाडी. अशा पुठ्ठ्यात ओलावा आधीच भरलेला असतो, थंडीत तो आणखी वाढतो आणि खळ हरते. पेस्टिंगनंतर २४ तास हवेशीर जागेत वाळवण झाली पाहिजे, हे ऑर्डरमध्येच लिहा. पुठ्ठ्यातला ओलावा ७ ते ९ टक्के असावा, पिन लावायचे ओलावामापक त्याला पुरते. खळ तपासायला लायनर हाताने सोला. कागद फाटत, धागे ओढत सुटला तर खळ पकडली आहे. सरकन निघाला आणि फ्लूटच्या टोकांवर चकचकीत पांढरी रेघ राहिली तर खळ पातळ होती किंवा आधीच सुकली होती. साधी स्टार्च खळ दमट हवेत सैल पडतेच. निर्यातीच्या खोक्याला पाणी-रोधक रेझिन घातलेली खळ मागा.

शिलाई असेल तर पिना ५ ते ६ सेंटिमीटरवर, तिरप्या, आणि जोडाची पट्टी साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद. पहिली आणि शेवटची पिन कडेच्या जवळ नसली की जोड तिथूनच उकलतो.

मार्च-एप्रिलचा उलटा त्रास

उन्हाळ्याच्या तोंडावर नाशिकची दुपारची हवा फार कोरडी होते. पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली रिकामी शीट इतकी सुकते की घडी घालताना क्रिजवर (घडीच्या दाबलेल्या रेषेवर) लायनर तडकतो. लोक याला खराब कागद म्हणतात. बहुतेक वेळा कागद फक्त तहानलेला असतो. गठ्ठे सावलीत, जमिनीपासून वर, प्लास्टिकने झाकून ठेवा. खोकी उभारण्याआधी रात्रभर पॅकिंग हॉलमध्ये आणा. शीटवर पाणी शिंपडू नका, डाग पडतात आणि खळ सुटते. हे करूनही तडकत असेल तर क्रिजचे चाक फार धारदार आहे, बॉक्सवाल्याला सांगा.

उरलेली खोकी पावसाळा ओलांडून पुढच्या हंगामाला वापरायचा विचार अनेकांच्या मनात येतो. चार महिने दमट हवेत पडलेल्या पुठ्ठ्याची फ्लूट आपल्याच वजनाने बसलेली असते, तळच्या गठ्ठ्याची तर नक्कीच. ती स्थानिक बाजाराच्या मालाला, चार-पाच थरांपर्यंत वापरा. निर्यातीला नको.

थप्पी

इथे सगळ्यात स्वस्तात सुटका होते, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे असे आमचे ठाम मत आहे. हमाल विटांसारखी सांधे मोडून थप्पी लावतात, कारण ती हलत नाही. पण तशी लावली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या भिंतीच्या मधोमध येतो आणि ४० ते ६० टक्के ताकद जाते. वरच्या हिशोबातले ३०० किलो ५०० च्या पुढे जातात. शिवाय भोकांवर भोके येत नाहीत, थंड हवा आत शिरत नाही, आणि सहा-आठ तासांत ४ अंशांखाली यायचा माल रात्रभर रेंगाळतो.

कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावा. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ५०० बाय ३०० ची आठ, ४०० बाय ३०० ची दहा आणि ६०० बाय ४०० ची पाच खोकी एका थरात बरोबर बसतात. तुमच्या खोक्याचे बाहेरचे माप यापेक्षा पाच मिलिमीटरने जरी वाढले तरी कडेची रांग पॅलेटबाहेर लोंबते, आणि अडीच सेंटिमीटर लोंबले की २० ते ४० टक्के ताकद गेली. माप आतले सांगितले की बाहेरचे, हा गोंधळ ऑर्डर देतानाच मिटवा. फाइव्ह प्लायमध्ये दोन्ही भिंती मिळून तेरा मिलिमीटरचा फरक पडतो. थप्पी हलू नये म्हणून फक्त वरचे एक-दोन थर सांधे मोडून लावा, चारही कोपऱ्यांना ५० बाय ५० मिलिमीटरची पुठ्ठ्याची अँगल पट्टी, आणि त्यावरून आडव्या पट्ट्या. पट्टी कडेला रुतेल इतकी ओढू नका.

पॅलेटच्या फळ्यांत फट असेल आणि खोक्याचा कोपरा त्या फटीत आला तर आणखी १० ते २५ टक्के कमी. तळाला थ्री प्लायचा एक पूर्ण पॅड टाका. कोल्ड रूममध्ये पंख्याच्या युनिटखाली पॅलेट ठेवू नका, डिफ्रॉस्टचे पाणी तिथेच ठिबकते. आणि शून्य अंशावरचा माल उघड्या धक्क्यावर आणून ट्रकची वाट पाहत बसवू नका. बाहेर पस्तीस अंश असताना पाच-दहा मिनिटांत खोक्यांना घाम सुटतो, आणि मग कंटेनरमध्ये तो ओलावा महिनाभर सोबत जातो.

खोक्यापेक्षा पनेटची उंची कमी हवी, किमान ५ मिलिमीटर. डाळिंब किंवा बटाटा थोडा भार अंगावर घेतो. द्राक्ष अजिबात घेत नाही. सगळे वजन पुठ्ठ्यानेच उचलायचे आहे.

थप्पी आत्ताच कलली असेल तर

बाजूने ढकलून सरळ करायला जाऊ नका. वरून थर उतरवा, तळचे दोन थर वेगळे काढा, त्यांतला माल तपासून कोरड्या नव्या खोक्यांत भरा. पोट आलेले खोके वाळवले तरी मोडलेल्या रेषेवर ताकद परत येत नाही, तेव्हा ते वरच्या थरात ठेवून पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. नवे पॅलेट दहा थरांवर थांबवा. तळच्या खोक्यावरचा भार ७४ वरून ५१ किलोवर येतो.

दुसरे पुठ्ठे याच कामाला लावू नका

ड्युप्लेक्स बोर्ड, म्हणजे एक बाजू पांढरी गुळगुळीत आणि मागे राखाडी, हा मिठाई, औषधे, अगरबत्ती यांच्या छोट्या डब्यांचा पुठ्ठा. एक-दोन किलोच्या भेटबॉक्सला दिसायला छान, पण थंडीत दोन थरांतच बसतो. तो हवाच असेल तर आत कोरुगेटेड खोके आणि बाहेर ड्युप्लेक्सची स्लीव्ह. ग्रे बोर्ड हा वहीची पुठ्ठी बांधायचा आणि पैठणीच्या ताठ डब्याचा. येवल्याकडच्या साडीविक्रेत्यांची डबा वाकण्याची तक्रार असते. एकाच बाजूला कागद चिकटवला की तो वाळताना आकसतो आणि पुठ्ठा ओढतो. आतल्या बाजूलाही त्याच वजनाचा कागद, त्याच धाग्याच्या दिशेने लावला की डबा सपाट राहतो.

ऑर्डरमध्ये काय लिहावे

प्लाय. प्रत्येक थराचे जीएसएम आणि बीएफ, बाहेरून आत या क्रमाने. फ्लूटची जोडी. तयार पुठ्ठ्याची जाडी. ईसीटी, आणि खोक्याचा किमान बीसीटी, कुठल्या आर्द्रतेत मोजला त्यासह. कॉब. ओलावा. माप आतले की बाहेरचे. भोकांचे माप आणि जागा, रेखाटनासकट. कोरुगेटेड खोक्यांसाठी भारतीय मानक आयएस २७७१ आहे, त्याचा उल्लेख करा. प्रत्येक लॉट आला की गठ्ठ्याच्या मधून तीन खोकी काढून तारीख आणि लॉट नंबर टाकून कोरड्या जागी ठेवा. माल पोहोचल्याचा अहवाल येईपर्यंत ती फेकू नका. तिकडून तक्रार आली तर पाण्यात भिजवायला तोच लॉट हाताशी असला पाहिजे.